तो हात थांबचा नव्हता, भालू

भालू,

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा आहे आणि बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. सेक्रेटरींनी फोन करून बजावलं, "नंदूभाऊ, कोणाला रडवू नका हो. ते स्पेनच्या खुर्चीचं सांगा. भालूभाऊ स्वतः किती हसायचे त्याला." मी हो म्हणून बसलो. मी आयुष्यभर आधी हो म्हणतो आणि विचार नंतर करतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

खुर्चीचा किस्सा मी कोजागिरीला सांगितला, गणपतीत सांगितला, रिटायर्ड लोकांच्या तपासणीच्या रांगेत रक्त द्यायला उभे असतानासुद्धा सांगितला. दर वेळी तू समोर होतास, आणि दर वेळी तूच सगळ्यात आधी हसायला लागायचास. म्हणजे तुला तो आवडायचा, असं मी धरून चाललो. आता तू नाहीस, तर तो खरा कसा घडला ते सांगायची वेळ आली आहे. रविवारी लोकांना सांगीन. आधी तुला.

तू वर आणि मी खाली, अशी आपली अठ्ठावीस वर्षं गेली. कारखान्याच्या चार नंबरच्या बे मध्ये, त्या लांबलचक शेडमध्ये, छताला लागून तुझी क्रेनची केबिन, आणि खाली जमिनीवर, पिवळ्या पट्ट्याच्या आत मी. मशीनच्या आवाजात ओरडून काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळा कारभार हातावर. तळहात स्वतःकडे करून बोटं हलवली की ये. तळहात खाली करून आडवा फिरवला की थांब. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी फोरमननं एकच गोष्ट घोकून घेतली होती: एक क्रेन, एक हात. खाली दहा जण नाचत असले तरी ऑपरेटरनं बघायचं ते एकाच माणसाच्या हाताकडे. तुझ्यासाठी तो माझा हात होता.

मी त्या हाताची काय इज्जत राखली, तेही तुला आठवत असेल. एकदा नाकावर माशी बसली. मी ती बोटांनी हाकलली, आणि तू वरून चाळीस टनांचा शाफ्ट घेऊन निघालास माझ्याकडे. पाच-सहा हात पुढे आला, मग मी दोन्ही हात फिरवून तुला थांबवलं. फोरमनसमोर मी लगेच सांगून टाकलं की साहेब, चूक माझी, माशी होती. तू शिडीवरून खाली आलास, घाम पुसलास आणि म्हणालास, "हात दिसला, मी चाललो. यार नंदू, उद्या हत्ती बसला नाकावर तरी बसू दे त्याला." त्यानंतर कितीतरी वर्षं मी बे मध्ये नाक खाजवलं नाही.

त्या दिवशी मी खरं बोललो होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे मला खरं बोलता येत नव्हतं अशी सबब उरत नाही.

रिटायर झालो, क्वार्टर सोडली. भोपाळमध्येच तू बाग सेवनियाला गेलास, मी शाहपुऱ्याला. तुझ्या ऋतानं लिस्बनला नोकरी धरली आणि दोन वर्षांनी फोन केला: बाबा, आई, काका, काकू, चौघं या, मोटरहोम घेऊन देते, लिस्बनहून किनाऱ्याकिनाऱ्यानं बार्सिलोनापर्यंत जा, मी तिथं येते. मोटरहोम म्हणजे काय, हे मी मालतीला समजावलं, "ट्रकमध्ये वन बीएचके." मालती म्हणाली, "चालवणार कोण?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं. मला स्कूटरपलीकडे काही येत नाही, आणि ती येते की नाही यावरही मालतीचं वेगळं मत आहे.

तो पहिला आठवडा, भालू. त्याच्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. पोर्तुगालचा तो पिवळ्या कड्यांचा समुद्र उजव्या हाताला येत-जात राहिला आणि तू भोपाळच्या मिनी बसवाल्यासारखा एका हातानं स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हातानं शेंगदाणे खात राहिलास. पहिल्या कॅम्पसाइटवर शिरलो तर गेटवर बॅरियर, खिडकीत बसलेला रजिस्टरवाला, प्रत्येक जागेला नंबरचा खांब, नियमांचा मोठा बोर्ड, दुपारी दोन ते पाच आवाज बंद. तू चष्मा लावून बोर्ड शेवटपर्यंत वाचलास आणि म्हणालास, "हे तर आपलं टाउनशिप आहे यार. फक्त सायरन नाही." संध्याकाळपर्यंत तुला आपल्या ओळीतल्या नऊ गाड्यांमधली माणसं, त्यांचे आजार आणि त्यांची कुत्री माहीत झाली होती. तुला इंग्रजी वाचता यायचं, बोलता नाही, आणि त्यांना हिंदी अजिबात नाही. कसं जमवलंस, देव जाणे.

माझे पराक्रम मी लपवत नाही. भोपाळहून पाणी तापवायचा रॉड मीच नेला होता. बादलीत रॉड टाकला, बटन दाबलं आणि अख्ख्या ओळीची वीज गेली. प्रत्येक जागेला सहा अँपिअरच मिळतात हे बोर्डवर लिहिलं होतं, तू मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतंस. विजेची यंत्रं करण्यात जन्म घालवलेली आपण दोन माणसं, लुंगीवर, हातात ओला रॉड घेऊन उभी, आणि समोर दाढीला अर्धा साबण लावलेला जर्मन. मोटरहोमच्या संडासाची टाकी ओतून यायचं काम माझ्याकडे होतं. तिचं झाकण पहिल्या दिवशी कोणत्या बाजूनं उघडलं, ते मंडळात मी सविस्तर सांगतो, इथं राहू दे. हे सगळे किस्से मी माझ्या नावावर सांगत आलो. लोकांना वाटतं, नंदूला स्वतःवर हसायला काही वाटत नाही. खरंच वाटत नाही. जिथं फक्त माझी फजिती होते तिथं मी फार उदार असतो.

गाडी जागेवर लावायची वेळ आली की आपण दोघं पुन्हा बे नंबर चारमध्ये जायचो. मागं पाहायला कॅमेरा होता. त्याच्या पडद्यावर तू मालतीची उन्हाची टोपी अडकवून ठेवली होतीस. कुंदा वहिनींनी विचारलं तर म्हणालास, "नंदू असताना ह्याचं काय काम." मी मागं उभा राहायचो, तू आरशात बघायचास. पांढरी, सात मीटर लांब गाडी दोन झाडांच्या मधून अशी आत यायची की शेजारचे लोक खुर्च्या सोडून बघायला उभे राहायचे. मला ते फार आवडायचं. लोक बघायला लागले की मला चढते, तशी ती चढली होती.

मग स्पेनमधली, आलमेरियाच्या अलीकडची ती जागा. पाइनची झाडं, खाली समुद्र, दुपारचे साडेबारा वाजले असतील. तू रिव्हर्स घेत होतास. आपल्या जागेच्या मागच्या कडेला, एका झाडाच्या बुंध्याला लागून, एक डच म्हातारी घडीच्या खुर्चीत पुस्तक वाचत होती. मध्येच मालतीला पाण्याचा पाइप चाकाखाली दिसला. मी तुला हात आडवा करून थांब दाखवला. तू थांबलास. मालती आणि वहिनी पाइप ओढायला लागल्या. तेवढ्यात म्हातारीचा नवरा माझ्याजवळ आला आणि माझ्या हाताकडे बोट दाखवून हसत म्हणाला, पोलीस? मी म्हटलं, नो पोलीस, क्रेन. आणि त्याला माशीची गोष्ट सांगायला लागलो.

तू म्हणशील, तेवढ्यात? हो, तेवढ्यात. श्रोता एक का असेना, मिळाला होता. मी त्याच्याकडे मान वळवली, तुझ्याकडे बघायचं विसरलो. इंग्रजी अपुरं पडलं म्हणून हातानं करून दाखवलं: हे माझं नाक, ही माशी, आणि मी अशी हाकलली. एकदा नाही, दोनतीनदा, कारण तो हसत होता.

गाडी हलल्याचा आवाज आला, मग काहीतरी मोडल्याचा.

खुर्ची गाडीच्या मागच्या कोपऱ्यात आणि झाडाच्या बुंध्यात चेपली होती. म्हातारी त्यात नव्हती. ती मिनिटभर आधी कॉफीसाठी ठेवलेलं दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती. खुर्चीच्या कापडात तिचं पुस्तक आणि चष्मा दोन्ही अडकले होते. ती दूध घेऊन दारात आली आणि तिनं ते पाहिलं. ओरडली नाही. पायरीवर बसली.

तू उतरलास. तुझा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता, चाळीस टन हवेत असतानाही नाही. तू म्हणालास, "नंदू, तू ये दाखवलंस ना?"

इथं मला दोन सेकंद मिळाले होते. त्या दोन सेकंदांत मी म्हाताऱ्याकडे बघितलं, पायरीवरच्या म्हातारीकडे, ऑफिसातून धावत येणाऱ्या मॅनेजरकडे, आणि मालतीकडे. मालती माझ्याकडेच बघत होती, पण तिनं काही पाहिलं नव्हतं, ती पाइपवर वाकलेली होती. मग मी म्हणालो, "नाही रे. मी थांबच दाखवत होतो."

"मला ये दिसलं."

"थांब होता, भालू."

तू माझ्या हाताकडे बघितलंस. मग आरशाकडे. आणि मग मान हलवलीस. बस, इतकंच. वाद घातला असतास तर मी कदाचित कबूल झालो असतो. तू माझ्याशी पत्त्यांवरून, राजकारणावरून, पोह्यांत शेव आधी घालायची की नंतर यावरून तास-तास भांडायचास. या एका गोष्टीवर भांडला नाहीस. मॅनेजरनं कागद आणला, त्यावर तू स्वतः लिहून सही केलीस की चालकाला मागचं नीट दिसलं नाही. मग म्हातारीसमोर जाऊन तू हात जोडलेस. तिनं तुझे हात धरले. मी बाजूला उभा राहून ते बघत होतो, आणि मनात काय होतं सांगू? सुटलो, हे होतं.

दुसऱ्या दिवशी तू किल्ली वहिनींच्या हातात दिलीस. ऋता विमानानं आली आणि बार्सिलोनाला जायचं सोडून गाडी लिस्बनला परत घेऊन निघाली. तेच कडे, तोच समुद्र, उलटा. तू मागच्या टेबलापाशी पाठ करून बसलास. ऋता चालवता चालवता म्हणाली, "बाबा, आता तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. वय झालंय. कोणाचा जीव गेला असता." मी पुढच्या सीटवर होतो. मी बाहेर बघत होतो.

भोपाळला आलो आणि पंधरा दिवसांत मी त्याचा किस्सा केला. याचं मला जास्त वाईट वाटतं, भालू. तेव्हा घाबरून बोललो, हे एक वेळ समजू शकतो. पण नंतर मी ते घोटलं, घासलं, त्यात म्हातारीचं दूध कुठं आणायचं, तुझा चेहरा कसा करायचा, हे बसवलं. "भालूनं चाळीस टन सांभाळले, आणि खुर्ची नाही सांभाळली." इथं लोक हसायचे. तूही. मी ते वाक्य इतक्यांदा म्हटलं की मधेमधे मलाच वाटायचं, खरंच मी थांब दाखवला असेल.

तू स्कूटर पुतण्याला दिलीस. होशंगाबाद रोड ओलांडताना वहिनींचा हात धरायला लागलास. हे मी बघत होतो, आणि म्हणत होतो, माणूस म्हातारा होतो.

एकदा संधी आली होती. शाहपुरा तलावाच्या कडेला बाकावर बसलो होतो, संध्याकाळी फिरून झाल्यावर. तुझ्या हातात लायसन्स होतं, मुदत संपत आलेली. तू ते उलटंपालटं करत होतास.

"रिन्यू करू का यार?"

"कशाला? रिक्षा आहे, बस आहे."

"तसं नाही. एक गोष्ट पक्की सांग मला. त्या दिवशी थांबच होता ना? मी सारखा आठवून बघतो. मला ये दिसतो."

मी काय म्हणालो, आठवतंय? मी म्हणालो, "तुला तर तरुणपणी पण सगळ्या पोरी ये म्हणतायत असंच दिसायचं." तू हसलास. खूप हसलास, खोकला येईपर्यंत. मग लायसन्स शर्टाच्या खिशात टाकलंस आणि पुन्हा तो विषय काढला नाहीस. लायसन्स रिन्यू केलं नाहीस, हे मला वहिनींकडून कळलं.

तू गेलास ते वेगळ्याच दुखण्यानं, तीन दिवसांत. माझ्या हाताचा त्याच्याशी संबंध नाही, इतकं मला कळतं. पण त्याआधीच्या चौदा महिन्यांशी आहे. ते चौदा महिने तू स्वतःवर विश्वास न ठेवता काढलेस, आणि एक वाक्य बोलून मी ते थांबवू शकत होतो.

इथपर्यंत लिहून झालं होतं. रविवारी वाचायचं, तर आधी वहिनींना दाखवायला हवं, एवढी अक्कल मला शेवटी आली. काल दुपारी कागद घेऊन बाग सेवनियाला गेलो. वहिनींनी चहा ठेवला, चष्मा शोधला आणि खिडकीपाशी बसून वाचलं. रॉडच्या ठिकाणी हसल्या. पुढे हसल्या नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. चहा निवला.

"भावजी, यांनी दोनदा डोळे तपासून घेतले, माहिती आहे का तुम्हाला?"

मी नाही म्हणालो.

"दोन वेगळ्या डॉक्टरांकडे. दोघं म्हणाले, डोळे चांगले आहेत, या वयात एवढे चांगले नसतात. मी म्हटलं, चला, सुटलो. तर घरी येऊन म्हणाले, डोळे ठीक आहेत म्हणजे डोकं गेलंय, कुंदा. रोज सकाळी बाल्कनीत उभे राहायचे आणि खालून जाणाऱ्या बसचे नंबर वहीत लिहायचे. मग मला म्हणायचे, तू पण बघ, जुळतात का. जुळायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा."

मी काहीतरी म्हणायला गेलो. त्यांनी हातानं गप्प केलं.

"एकदा मी म्हटलं, अहो, नंदूभावजींचाच हात चुकला असेल, माणूसच आहे ना तो. तर माझ्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत कधी असा आवाज चढवला नव्हता. म्हणाले, अठ्ठावीस वर्षं त्या हाताखाली काम केलंय मी. चुकला असता तर त्यानं सांगितलं असतं."

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. त्या उठून गॅस बंद करून आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या भावजी, झालं ते झालं. मी त्याची वाटच बघत होतो, खरं सांगतो. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि नंबर लावता लावता म्हणाल्या, "रविवारी वाचाच तुम्ही. पण त्याआधी पोरीला सांगा. तिनं बापाला गाडीला हात लावू नका म्हटलंय. ते आपण बरोबरच बोललो, असं ती धरून बसलीय."

तिकडे सकाळ होती. ऋता ऑफिसला निघाली होती, मागे रस्त्याचा आवाज येत होता. "बोला काका, कसे आहात?" मी तिला पहिल्यापासून सांगायला लागलो, पाइप, म्हातारीचा नवरा, माशी. मग माझ्या लक्षात आलं की मी गोष्ट रंगवतोय. थांबलो. म्हणालो, "ऋता, मी ये दाखवला होता. बाबांना बरोबर दिसलं होतं."

रस्त्याचा आवाज बंद झाला, ती कुठं तरी आत गेली असावी. वहिनी समोर उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

मग तिनं एकच विचारलं, "काका, बाबांना हे कळलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

नंदू